जनुकांचा शेजार : ओपेरॉनच्या इतिहासाची दुसरी बाजू

ओपेरॉन हा शब्द उच्चारला की पाठ्यपुस्तके आपल्याला थेट १९६० च्या पॅरिसमध्ये नेतात. पाश्चर संस्था, फ्रान्स्वा झाकोब, झाक मोनो आणि लॅक्टोज पचवणारी जनुके. हा इतिहास खोटा नाही, पण अर्धा आहे. उरलेला अर्धा अटलांटिकच्या पलीकडे, न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे घडला, आणि त्याचा विषय साखर पचवणे हा नसून ॲमिनो आम्ले घडवणे हा होता. आजचा धागा त्या अर्ध्याविषयी.

मिलिस्लाव डेमेरेक यांचा जन्म १८९५ मध्ये आजच्या क्रोएशियात, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीत झाला. १९१९ मध्ये ते अमेरिकेत आले. आधी मका, मग फळमाशी, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात क्ष-किरणांच्या साहाय्याने अधिक पेनिसिलिन देणारी बुरशी, असा त्यांचा प्रवास. १९४१ ते १९६० ते कोल्ड स्प्रिंग हार्बरचे संचालक होते. प्रशासनात गुरफटलेला संशोधक सहसा प्रयोगशाळेला पारखा होतो. डेमेरेक मात्र पन्नाशी उलटल्यावर साल्मोनेला या जीवाणूकडे वळले.

त्या वेळी पार्श्वभूमी अशी होती. १९४१ मध्ये बीडल आणि टेटम यांनी न्यूरोस्पोरा या बुरशीवर काम करून दाखवले होते की जीवरासायनिक साखळीतील एकेका पायरीमागे एकेक जनुक असते. पण तेथे एकाच साखळीची जनुके बहुधा निरनिराळ्या गुणसूत्रांवर विखुरलेली आढळत. म्हणजे एकत्र काम करणाऱ्या जनुकांनी एकत्र राहावे, अशी अपेक्षा करण्याचे काही कारण नव्हते.

साल्मोनेलात हे तपासण्याचे साधन १९५२ मध्ये झिंडर आणि लेडरबर्ग यांनी दिले. जीवाणूवर जगणारा विषाणू कधी कधी आपल्या कवचात यजमानाच्याच डीएनएचा तुकडा भरतो आणि पुढच्या जीवाणूत नेऊन सोडतो. तुकडा लहान असतो. म्हणून दोन जनुके एकाच फेरीत वारंवार पोहोचली, तर ती मुळात जवळजवळ असली पाहिजेत. नकाशा काढण्याची ही रीत मला आजही विलक्षण देखणी वाटते.

१९५६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डेमेरेक आणि झ्लाता हार्टमन यांना ट्रिप्टोफॅन घडवणारी चार जनुके एकमेकांना लागून आढळली, आणि तीही ज्या क्रमाने रासायनिक पायऱ्या घडतात त्याच क्रमाने. फिलिप हार्टमन यांना हिस्टिडीनच्या बाबतीतही असाच शेजार दिसला. डेमेरेक यांनी त्याची तुलना कारखान्यातील जुळणीच्या रांगेशी केली : माल एका कामगाराकडून शेजारच्या कामगाराकडे सरकावा, तशी ही मांडणी.

निरीक्षण पक्के होते. उपमा टिकली नाही. हिस्टिडीनची आठ जनुके आणि दहा पायऱ्या पुढे स्पष्ट झाल्या, तेव्हा रांगेतले पहिले जनुक पहिल्या पायरीचे निघाले खरे, पण त्याच्या लगतचे दुसरे थेट अखेरच्या दोन पायऱ्यांचे! मालाच्या प्रवासाशी या क्रमाचा काही संबंध उरला नाही.

मग शेजार कशासाठी? १९५९ मध्ये ब्रूस एम्स आणि बार्बरा गॅरी यांनी साल्मोनेलातील हिस्टिडीनची चार विकरे मोजली. हिस्टिडीनच्या उपलब्धतेनुसार चारही एकाच प्रमाणात वाढत आणि घटत होती. (हिस्टिडीन न बनवू शकणारे हेच जीवाणू वापरून एम्स यांनी पुढे कर्करोगकारक रसायने हेरण्याची प्रसिद्ध चाचणी उभारली.) दुसऱ्याच वर्षी पॅरिसहून ओपेरॉनची संकल्पना आली : लगतची जनुके, त्यांच्या तोंडाशी एकच नियंत्रक कळ. आणि मोनो स्वतःही ॲमिनो आम्लांना अपरिचित नव्हते. ट्रिप्टोफॅन मिळाले की जीवाणू ते घडवणारे विकर बनवणे थांबवतो, हे त्यांनी आणि कोहेन-बझीर यांनी १९५३ मध्येच नोंदवले होते. पाठ्यपुस्तकांतून गळतात ते हे दुवे.

पॅरिसची कळही सर्वत्र लागू पडली नाही. १९७० च्या दशकात स्टॅनफर्डच्या चार्ल्स यानोफ्स्की यांना ट्रिप्टोफॅन ओपेरॉनच्या आरंभी एक दुसरी युक्ती सापडली. तेथे १४ ॲमिनो आम्लांच्या एका छोट्या साखळीचा मजकूर असून त्यात ट्रिप्टोफॅन लागोपाठ दोनदा येते. पेशीत ट्रिप्टोफॅन मुबलक असेल तर रायबोसोम तो मजकूर सुखाने ओलांडतो आणि पुढचे लेखन बंद पडते. टंचाई असेल तर तो तेथेच अडखळतो, आरएनएची घडी बदलते आणि लेखन चालू राहते. हिस्टिडीनच्या अशाच मजकुरात हिस्टिडीन सलग सात वेळा येते. त्या ओपेरॉनला स्वतःचे दमनकारक प्रथिनच नाही. विशिष्ट नियंत्रणाचा भार या अडखळण्यावर आहे.

तरीही समान नियंत्रणासाठी शेजार अपरिहार्य आहे, असे म्हणता येत नाही. ई. कोलायमध्ये आर्जिनीन घडवणारी बरीच जनुके गुणसूत्रावर दूरदूर पसरलेली आहेत आणि तरी एकाच दमनकारकाचे ऐकतात. १९६४ मध्ये मास आणि क्लार्क यांनी अशा विखुरलेल्या गटाला ‘रेग्युलॉन’ हे नाव दिले. १९९६ मध्ये लॉरेन्स आणि रॉथ यांनी वेगळाच तर्क मांडला : लगतची जनुके एका जीवाणूतून दुसऱ्यात एकगठ्ठा जाऊ शकतात, म्हणून असे गट टिकतात, म्हणजे लाभ यजमानाचा नसून जनुकांचाच. या तर्कावरही आक्षेप आले, कारण ज्यांच्यावाचून जीवाणू जगूच शकत नाही अशी जनुकेही ओपेरॉनमध्ये सापडतात. डेमेरेक १९६६ मध्ये वारले. त्यांनी टिपलेला शेजार प्रत्येक नकाशात कायम आहे, त्याच्या कारणाविषयीचा वाद मात्र अजून चालू आहे.