शाहीर अमर शेख

कुर्डुवाडीहून बार्शीमार्गें जाणारी अडीच फूट रुंदीच्या रुळांची आगगाडी १९११ सालीं लातुरास पोहोंचली. वाटेंत ती एक सरहद्द ओलांडीत असे. बार्शी इंग्रजांच्या मुलखांत, तर लातूर निजामाच्या. धान्याच्या पोत्यांबरोबर या गाडीनें माणसें येत, बातम्या येत आणि गाणींही येत. त्यांवर जकात बसविण्याची सोय कोणत्याच सरकारपाशीं नव्हती. अशा या सरहद्दीवरच्या पेठेंत २० ऑक्टोबर १९१६ रोजीं मेहबूब हुसेन पटेल या मुलाचा जन्म झाला. पुढें सारा महाराष्ट्र त्यास शाहीर अमर शेख या नांवानें ओळखूं लागला.

लोकगीतांचा वारसा त्यास आईकडून मिळाला. मुनेरबी हें तिचें नांव. मुसलमानाच्या घरीं मराठी गाणें ऐकूं यावें याचें ज्यांस नवल वाटत असेल, त्यांनीं श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचें स्मरण करावें. ते तर संत झाले. पण उत्तर पेशवाईंतील नामांकित लावणीकार सगनभाऊ हेही जन्मानें मुसलमानच होते. डफ-तुणतुण्याच्या मैफलींत जातीची विचारपूस फारशी कधीं झाली नाहीं. मेहबूबनें ही परंपरा पुस्तकांतून उचलली नाहीं, ती त्याच्या घरांतच होती.

घरीं दारिद्र्य होतें. पाणी भरणें, मोटारीवर क्लीनर म्हणून राबणें, मग गिरणींत मजुरी, अशा क्रमानें त्याचें तारुण्य चाललें. गिरणी कामगारांच्या संपांत पडल्यामुळें विसापूरचा तुरुंग पाहावा लागला. तेथें कम्युनिस्ट कार्यकर्त्यांशीं संबंध आला, आणि आजवर पोटाकरितां केलेल्या कष्टांचा अर्थ त्यास एका विचाराच्या उजेडांत दिसूं लागला. कांहीं दिवस कोल्हापुरास मास्टर विनायकांच्या चित्रसंस्थेंतही गेले. ‘अमर शेख’ हें नांव स्नेह्यांनीं दिलें तें याच सुमारास.

खरें कार्य सुरू झालें तें मुंबईंत. १९४४ सालीं अण्णा भाऊ साठे, द. ना. गवाणकर आणि अमर शेख या तिघांनीं मिळून ‘लाल बावटा कलापथक’ उभें केलें. या कलापथकानें काय बदललें हें समजण्यास जुना साज ठाऊक असावा लागतो. पोवाड्यांत मुख्य शाहीर डफावर थाप देऊन कथा पुढें नेतो, मागचे झीलकरी ‘जी जी’ करून त्याला दम घेण्यास अवसर देतात, आणि तुणतुणें सुराचा धागा तुटूं देत नाहीं. तमाशांत आधीं गण, मग गौळण, मग वग. या मंडळींनीं सांचा तोच ठेवला, पण गणांतील गणपतिवंदनाच्या जागीं मातृभूमीस आणि हुतात्म्यांस वंदन आलें, आणि राजाच्या वगाऐवजीं सावकार, गिरणीमालक व काळाबाजारवाला रंगभूमीवर आले. बंगालच्या दुष्काळावर, स्टॅलिनग्राडच्या लढाईवर परळ-लालबागचा कामगार पोवाडे ऐकूं लागला. रचना बहुधा अण्णा भाऊंच्या. त्या हजारोंच्या कानीं घालणारा गळा मात्र अमर शेखांचा.

त्या गळ्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. मैदान मोठें, श्रोते मजूर, दिवसभर यंत्राच्या खडखडाटानें कान किटलेले. तेथें गोड आवाजाचें काम नसतें. अमर शेखांचा आवाज पहाडी होता; वरच्या पट्टींत गेला तरी शब्द फाटत नसे. घरांतील लहानशा पेटींतून गाणें ऐकण्याची संवय झालेल्यांस अशा आवाजाची कल्पना येणें कठीणच.

अण्णा भाऊंनीं तेलंगणाच्या लढ्यावरही पोवाडा रचला. नांदेड आणि लातूर त्या वेळीं तेलंगणाबरोबर एकाच निजामी अंमलाखालीं होते. तो अंमल १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संपला, पण सरहद्दींचा प्रश्न संपला नाहीं. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, तेव्हां बिदर जिल्ह्यांतील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके इकडे मिळाले. भालकी म्हैसूरकडे गेली. नांदेडच्या मुधोळ तालुक्याचा मोठा भाग आंध्रांत पडला. एका घरची लेक उदगिरास आणि माहेर भालकीस, अशीं कुटुंबें एका दिवसांत दोन राज्यांचीं झालीं. अण्णा भाऊंच्या ‘माझी मैना’ या छक्कडींत मुंबईस आलेल्या मजुराची गांवीं राहिलेली बायको आणि महाराष्ट्रापासून तुटलेला मुलूख हीं दोन दुःखें एकमेकांत मिसळलीं आहेत. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून अमर शेख ती गात, तेव्हां ती सीमाभागांतल्या श्रोत्यास घरचीच गोष्ट वाटे. पुढाऱ्यांच्या भाषणाआधीं लोक शाहिराची वाट पाहत, हें पुढाऱ्यांसही ठाऊक होतें. गोवामुक्तीच्या लढ्यांतही त्यांचा डफ वाजला.

त्यांच्या निष्ठेची कसोटी १९६२ सालीं लागली. आक्रमण करणारा चीन कम्युनिस्ट होता, आणि शाहिराचें आयुष्य त्याच विचाराच्या निशाणाखालीं गेलेलें. पक्षांत मतभेद माजले. पुढें १९६४ सालीं पक्ष दुभंगला. अमर शेख संरक्षण निधीसाठीं गांवोगांव गात हिंडले. पोथींतल्या शब्दापेक्षां समोरच्या माणसाचें दुःख त्यांस नेहमींच आधीं कळे, एवढें यावरून म्हणतां येईल.

त्यांनीं लिहिलेंही. ‘पहिला बळी’ हें नाटक १९५१ चें. ‘कलश’ (१९५८) आणि ‘धरतीमाता’ (१९६३) हे कवितासंग्रह. यांतील कांहीं कविता कागदावर कोरड्या वाटतात, हें मान्य केलें पाहिजे. त्या वाचण्यासाठीं नव्हत्याच. डफाची थाप जेथें पडावयाची ती जागा छापतांना मोकळीच राहते. ‘प्रपंच’ (१९६१) या चित्रपटांत त्यांनीं भूमिकाही केली. त्यांच्या कन्या मलिका अमर शेख या पुढें कवयित्री म्हणून प्रसिद्धीस आल्या.

१९६९ चा पावसाळा महाराष्ट्रास फार महाग पडला. १३ जून रोजीं आचार्य अत्रे गेले. १८ जुलै रोजीं अण्णा भाऊ गेले. वय अवघें ४८. त्यानंतर बरोबर सहा आठवड्यांनीं, २९ ऑगस्ट रोजीं, इंदापूरजवळ मोटार-अपघातांत अमर शेखांचा अंत झाला. इंदापूर ते बार्शी हें अंतर मोटारीनें कांहीं तासांचेंही नाहीं.