विजेच्या दाबाची बखर

आळे म्हटले की वारकऱ्याला रेड्याची समाधी आठवते आणि पुणे-नाशिक रस्त्याने जाणाऱ्याला आळेफाटा. मी त्याच आळ्याचा. पण आज सांगायची आहे ती बखर ना संतांची, ना शिवनेरीची. ती आहे विजेच्या दाबाची. आमच्याकडे लहानथोर ज्याला 'होल्टेज' म्हणतात त्याची.

खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले आणि घाटमाथ्याच्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्या फिरू लागल्या. वीज दूर न्यायची तर दाब फार चढवावा लागतो, कारण दाब चढला की प्रवाह कमी लागतो आणि तारेत वाया जाणारी वीज घटते. घरापाशी आल्यावर तोच दाब डीपीने उतरवायचा. चढवणे आणि उतरवणे, एवढ्यावर सारा कारभार! १९५६ च्या नियमांत घरगुती विजेचा दाब ठरल्या आकड्याच्या वरखाली सहा टक्क्यांहून अधिक ढळू नये असे लिहिले होते. २३० व्होल्ट धरले तर साधारण २१६ ते २४४. कागदावर हे ठीकच. शिवारातल्या मोटारी एकदम सुरू झाल्या की घरातला दिवा पिवळा पडे, त्याला कागद काय करणार? दाब उतरला की मोटार प्रवाह जास्त ओढते, तापते, आणि बळीराजा रिवाइंडिंगवाल्याचे दार ठोठावतो.

संगणकाच्या इतिहासात या दाबाची मोठी गंमत आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला 'टिफ्रॅक' १९६० साली कामाला लागला. त्यात सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. अशा नळ्या केव्हा दगा देतील याचा नेम नसे. अमेरिकेत 'व्हर्लविंड' या यंत्रावर १९५० च्या सुमारास एक नामी युक्ती निघाली होती: दाब मुद्दाम वरखाली करून यंत्र चालवून पाहायचे. दुबळी नळी तपासणीतच कोलमडे, ऐन कामात नव्हे. दाब बदलणे ही तिथे वैद्याची नाडीपरीक्षा होती.

आता टेबलावरच्या संगणकाकडे वळू. त्याच्या पत्र्याच्या डब्यात भिंतीतली वीज आधी सरळ केली जाते, मग सेकंदाला हजारो तुकडे करून लहान रोहित्रातून जाते, आणि बाहेर पडतात १२, ५ आणि ३.३ व्होल्ट. बाहेरच्या दाबाचा एक अंश परत आत नेऊन नेमक्या मापाशी ताडून पाहिला जातो. कमी भरला तर आतले काम वाढते. काही डब्यांत या ताडण्याच्या वाटेवर एक चिमुकला स्क्रू असतो. तो फिरवला की दाब बदलतो. मोह इथेच होतो.

गावातल्या एका दुकानी संगणक सारखा बंद पडे. त्यात खतांच्या उधारीची सारी वही. दुकानदाराच्या पोराने मीटर लावला. ५ च्या तारेवर ४.७ व्होल्ट, १२ च्या तारेवर नेमके १२. मर्यादा पाच टक्के, म्हणजे ४.७५ च्या खाली जाऊ नये. तो म्हणाला, "काका, स्क्रू थोडा फिरवू का?" मी म्हटले, "बाळा, आधी हिशेब कर." साध्या डब्यात दोन्ही तारांचे नियंत्रण एकाच हाती असते. ४.७ चे ५ करायला गेलास तर १२ चे जवळजवळ १२.८ होतील, आणि तिथली मर्यादा १२.६ ची! एकाला औषध म्हणून दुसऱ्याला विष.

शिवाय डबा उघडायचा म्हणजे खेळ नव्हे. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट साठतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ राहू शकतात. माणूस दगावेल एवढी ती शिदोरी आहे. म्हणून काम आळेफाट्याच्या जाणत्या मेकॅनिककडे गेले. त्याने पाहिले तर पाचाच्या वाटेवरचे दोन कपॅसिटर फुगून टोपी वर आलेले! नवे घातले, आणि मीटरने ५.०२ दाखवले. स्क्रूवरचा कारखान्याचा लाल ठिपका तसाच शाबूत होता. उधारीची वहीही शाबूत. तिची नक्कल मात्र दुकानदाराने त्याच रात्री दुसरीकडे करून ठेवली.