असईच्या भिंतीपाशी

२३ सप्टेंबर १८०३. जालन्याकडच्या भोकरदनजवळच्या असई गावात मातीच्या भिंतीला पाठ टेकून तुम्ही बसला आहात. केळणा आणि जुई या दोन नद्यांमधल्या रानात दुपारभर तोफा धडाडल्या. इंग्रजांपुढे शिंदे-भोसल्यांच्या फौजा मागे हटल्या, आता फक्त जखमींचं कण्हणं. चपलेला काळी चिकण माती थापली गेली आहे.

शेजारी पडलेला शिपाई स्कॉटलंडचा, ७४ व्या पलटणीतला. त्या पलटणीची आज पार वाताहत झाली.

एकदम नाकात उग्र, कस्तुरीसारखा दर्प शिरतो. भिंतीच्या कडेनं काहीतरी सरकतंय. लांबुडकं हलतं नाक, टाचणीच्या डोक्याएवढे डोळे, करडी मऊ लव. मागे पिल्लं, प्रत्येकानं पुढच्याच्या शेपटीचं मूळ तोंडात धरलेलं. चिचुंद्री! आई वळली की सगळी रांग वळते.

शिपायाला आपलं कुरण आठवलं तर नवल नाही. तिथे गवतातून मातीचे ढिगारे उठतात, ते मोल नावाच्या प्राण्याचे. मखमली काळी लव, बाहेर वळलेले फावड्यासारखे पंजे, अंगठ्याशेजारी आणखी एक हाड. गांडुळाचं डोकं चावून त्याला लुळं करायचं, मेलं नाही तर ताजं राहतं, आणि कोठारात साठवायचं, ही त्याची रीत. इंग्रजांच्या सेनापती वेलस्लीला मात्र बालपणी हे दिसलं नसणार. तो डब्लिनचा, आणि आयर्लंडमध्ये मोल नाहीच.

जालन्याच्या रानातही नाही. भारतातले मोल पूर्व हिमालयात आणि ईशान्येत राहतात. पण मोल आणि चिचुंद्री एकाच गणातले, दोघं कीटकभक्षी. तुमच्यासमोरून गेलेली ही त्याची भाऊबंदच. उंदराशी तिचं नातं फार दूरचं. उंदराचे पुढचे दात पटाशीसारखे, कुरतडायला बनलेले आणि जन्मभर वाढणारे. हिचे दात टोकदार, किड्याचं कवच फोडणारे. मला तर ही दोघांमधली खूण सगळ्यांनी ओळखायला हवी असं वाटतं, कारण दिसण्यामुळे तिला उंदीर समजून आजही मारलं जातं.

आता आजच्या जालन्यात परत या. स्वयंपाकघरात रात्री चुकचुक आवाज आला आणि कडेनं लांब नाकाची सावली गेली, तर झाडू उचलू नका. ती झुरळं शोधतेय. दार थोडं उघडं ठेवा, ती आपसूक निघून जाईल.