बांधाच्या अलीकडे

आधी चपला काढून हातात घ्या. इथला चिखल एकदा घेतलेली चप्पल परत देत नाही. पँट गुडघ्यापर्यंत दुमडा, रुळांवरून खाली उतरा आणि खाडीच्या दिशेने चालू लागा. साल कोणतं म्हणता? चोळ्याच्या पॉवर हाऊसच्या चिमण्या धूर ओकायला लागल्यात, म्हणजे १९२९ उलटून गेलंय. तेवढं पुरे. ही ठाकुर्लीच आहे, पण नव्वद फुटी रस्ता नाही, रिक्षास्टँड नाही आणि वडापावची गाडी तर नाहीच. समोर भाताची खाचरं, त्यांच्यापलीकडे मातीचा उंच बांध, बांधापलीकडे तिवरं आणि तिवरांतून दिवसात दोनदा आत शिरणारी, दोनदा निघून जाणारी खाडी.

आधी येतो तो वास. कुजलेल्या तिवराच्या पाल्याचा, सुकटीचा, ओल्या शेणाचा आणि वारा फिरला की कोळशाच्या धुराचा. आषाढ संपत आलाय, उद्या अमावास्या. पाऊस थांबला की लगेच उकडायला लागतं. अंगावरून निथळतंय ते पाणी की घाम, हे विचारत बसू नका. डास चावतील. चावू द्या.

पहिल्याच घराच्या पडवीत एक आजी सुकलेले बोंबील निवडत बसलीय. तुम्हाला बघून ती हातातलं काम थांबवत नाही, नुसती मान वर करते.

"कुनाचं रं पोर?"

तुम्ही तुमच्या सवयीने इमारतीचं नाव, विंग आणि मजला सांगता. ती वाट बघत राहते. तिला बापाचं नाव हवंय, आजाचं हवंय, पाडा हवाय. तुमच्या पत्त्यात तिच्या कामाचं काहीच नाही. तरीही ती पाट सरकवते, कारण पावसात आलेल्या माणसाला दारातून परत पाठवायची रीत नाही.

बसल्या बसल्या तिची इस्टेट मोजून घ्या, फार वेळ लागणार नाही. भिंती कुडाच्या: कारवीच्या काठ्या आणि त्यांवर शेणामातीचा गिलावा. पावसाळ्यात तो ओघळतो, दिवाळीच्या आधी पुन्हा थापायचा. म्हणजे हे घर दरवर्षी थोडं नवं होतं. आत शेणाने सारवलेली बांबूची कणगी, तिच्यात लाल राता भात. खारं पाणी थोडंफार सोसणारं हेच वाण इथे तग धरतं. एक जातं, उखळ-मुसळ, खुंटीवर टांगलेला पाग. आजीच्या अंगावर चांदी आहे, पण ती कोणत्या वर्षी अंगावर असेल आणि कोणत्या वर्षी सावकाराच्या पेटीत, हे पाऊस ठरवतो. परसात आंब्याचं झाड आहे. खालची जमीन थोरल्या दिराची, आंबे धाकट्याचे आणि सावली सगळ्यांच्या गुरांची. हे कुठे लिहिलेलं नाही. भांडण मात्र दर वैशाखात होतं, अगदी वेळेवर.

जमिनीचं विचारलंत तर ती हात लांब करून बांध दाखवते. तलाठ्याच्या दप्तरात सर्व्हे नंबर आहेत, एकर-गुंठे आहेत, खंड कोणाला द्यायचा तेही आहे. तिच्या घरातले पुरुष कसतात त्या जमिनीचा धनी दुसऱ्याच गावी राहतो. पण कागदावर कोणाचंही नाव असो, बांध फुटला तर सगळ्यांचं खाचर एकाच रात्रीत खाडीचं होतं. म्हणून बांधाला हिस्से नाहीत.

अंधार पडतो. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात भाकरी आणि जवळ्याचं कालवण येतं. जवळा इतका तिखट की नाक वाहायला लागेल. लाजू नका, सगळ्यांचंच वाहतंय. दूरवर पॉवर हाऊस लखलखतंय. तिथली वीज मुंबईच्या गाड्या पळवते, या पडवीत मात्र रॉकेलचा दिवा. पोरं दारात उभी राहून इंजिनाशिवाय पळणारी गाडी बघतात. "गारी, गारी!" ओरडतात आणि पुन्हा अंधारात येऊन जेवायला बसतात.

आता झोपा. फार वेळ मिळणार नाही.

मध्यरात्र उलटते आणि कोणीतरी बांधावरून बोंबलत येतं: "उठा रं! पानी आयलं!" अमावास्येचं उधाण आणि वरून मुसळधार पाऊस; उघाडीच्या, म्हणजे पाणी सोडायच्या दाराच्या, अंगाला बांधाला खांड पडलीय. दारं वाजतात, कुत्री भुंकतात, बायका पदर खोचतात. तुम्ही पाहुणे वगैरे आहात हे कोणाच्या ध्यानीमनी नाही. तुमच्या हातात टोपली येते आणि तुम्ही रांगेत उभे असता. चिखलाचा ढेपा पुढे द्यायचा, रिकामी टोपली मागे द्यायची. पुढची माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी आहेत. खांडीत तिवराच्या फांद्या, पेंढा, मग माती, पुन्हा फांद्या. पाणी ढेपे गिळत राहतं. कोणीतरी शिव्या देतोय, कोणीतरी देवीला कोंबडा बोलतोय, आणि दोघांचा आवाज सारखाच चढा आहे. ओठांवर पाणी आलं तर चाटून बघा: खारट. हे खाचरात पसरलं तर कोवळी रोपं पिवळी पडतील, आणि जमिनीतलं मीठ पावसाने धुऊन निघेपर्यंत पुढचं पीकही हाती लागणार नाही.

एका घरातून कोणी आलेलं नाही. अंधारातही ते सगळ्यांना कळलंय. उद्या त्या घरासमोर जे बोललं जाईल ते इथे छापता येणार नाही.

पेण-अलिबागकडे बांधाच्या अशा सामाईक कामाला जोळ म्हणतात. बाली बेटावरच्या भातशेतकऱ्यांची पाणी वाटून घेणारी मंडळं आहेत, सुबक नावाची; २०१२ मध्ये युनेस्कोने त्यांच्या खाचरांना जागतिक वारशाच्या यादीत बसवलं. आपल्या खारबांधांच्या वाट्याला १९४८ चा खारजमिनींचा कायदा आला आणि पुढे बिल्डर आले. तक्रार नाही, पण टोपली हातात असताना असले विचार येतातच.

ओहोटी लागते तशी खांड बुजते. पहाटे उघाडी उघडली की आत साचलेलं पाणी घोंघावत खाडीत परततं आणि तिच्या तोंडाशी पाग घेऊन पोरं टपलेली असतात. बोय, कोलंबी, चिखलात टुणटुणणाऱ्या निवट्या. चिंबोरी पकडायला जाऊ नका. ती पकडायची कशी ते इथल्या पाच वर्षांच्या पोरीला येतं, तुम्हाला नाही. तुम्ही रांगेत होतात म्हणून तुमच्याही वाट्याला मूठभर कोलंबी येते. उद्यापासून श्रावण, तेव्हा आजच खाऊन घ्यायची.

चुलीशी बसल्यावर आजी आता मोकळी होते. तुझी जमीन किती, विचारते. जमीन नाही, घर आहे, असं तुम्ही सांगता. केवढं? तुम्ही मनात हिशेब करता. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद म्हणजे एक गुंठा, १०८९ चौरस फूट; तुमचा वन बीएचके त्याच्या निम्म्याने. "अर्धा गुंठा," तुम्ही जरा अभिमानानेच म्हणता. आणि त्यावर? त्यावर दुसऱ्याचं घर. त्याच्यावर? तिसऱ्याचं. खाली? खालीही आहे एकाचं.

"आनि सगल्यांच्या खालची जमीन कुनाची मंग?"

तुम्ही सांगायला लागता. सोसायटीची आहे, म्हणजे व्हायची आहे, बिल्डरने कन्व्हेयन्स अजून करून दिलेलं नाही, मूळ मालकाच्या वारसांची सही राहिलीय, वकिलाकडे कागद आहेत. आजीच्या हातातला कालथा तसाच थांबतो. मग ती उठते, पडवीत जाते आणि शेजारच्या तिन्ही घरांतल्या बायकांना मोठ्याने हाका मारते, की या गं लवकर, हे पोर काय सांगतंय ते ऐका.