काचेच्या टाकीमागची नदी: मासे आणि पाणवनस्पती निवडण्याचा इतिहास

मार्च १८५० मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग मांडला. बारा गॅलनच्या भांड्यात त्याने दोन लहान गोल्डफिश सोडले होते आणि तळाच्या वाळूत व्हॅलिस्नेरिया ही लांब, फितीसारख्या पानांची पाणवनस्पती लावली होती. माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड वनस्पती वापरील आणि प्रकाशात ऑक्सिजन परत देईल, असा त्याचा हिशेब होता. पुढे जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले, काचेवर शेवाळ चढले. तेव्हा त्याने पाच-सहा पाणगोगलगायी आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळ खाऊन टाकले व पाणी निवळले. कोणता जीव दिसायला सुंदर, एवढेच न पाहता कोणता जीव कोणाच्या उपयोगी पडतो, हे पाहून केलेल्या निवडीचे हे एक आरंभीचे उदाहरण होय. त्यानंतर चारच वर्षांनी, १८५४ मध्ये, फिलिप हेन्री गॉस यांचे मत्स्यटाकीवरील पुस्तक निघाले आणि हा छंद इंग्लंडमध्ये घरोघरी पोहोचला.

वॉरिंग्टनच्या हिशेबात मात्र एक महत्त्वाचा घटक नव्हता. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात आणि तो थोड्या प्रमाणातही विषारी ठरतो. अमोनियाचे नायट्राइटमध्ये व नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जीवाणू सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास वेगळे करून दाखवले. हे जीवाणू वाळूवर, काचेवर आणि पानांवर वस्ती करतात, आणि ती वस्ती जमायला काही आठवडे लागतात. नव्या टाकीत पहिल्याच दिवशी दहा मासे सोडले की ते पटापट मरतात, याचे नेहमीचे कारण हेच. वनस्पती आधी लावावी, टाकी मुरू द्यावी आणि मग थोडेथोडे मासे सोडावेत, या क्रमामागे एकोणिसाव्या शतकाचे रसायनशास्त्र उभे आहे.

दुसरी मर्यादा भौतिकीची आहे. ऑक्सिजन पाण्यात हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पट संथ गतीने पसरतो. २० अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात जेमतेम ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास. म्हणून टाकीत किती मासे राहतील, हे पाण्याच्या लिटरांइतकेच हवेला भिडणाऱ्या पृष्ठभागावर ठरते. अरुंद तोंडाचा गोल काचेचा गोळा नेमका येथेच कमी पडतो. रात्री वनस्पतीही ऑक्सिजन वापरतात. भारतीय उन्हाळ्यात ही तूट अधिकच जाणवते.

मग लहान टाकीत कोणते मासे ठेवावेत? या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग भारतातच १८२२ पूर्वी नोंदला गेला होता. ईस्ट इंडिया कंपनीचे वैद्यक अधिकारी फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगा आणि तिच्या उपनद्यांतील माशांवरचा ग्रंथ त्या वर्षी प्रसिद्ध केला. त्यात अडीचशेहून अधिक जातींची वर्णने आहेत, आणि कित्येक जातींना त्यांनी स्थानिक बोलीतलीच नावे दिली. आज जगभरच्या लहान टाक्यांत दिसणारे हनी गुरामी, ड्वार्फ गुरामी आणि झेब्राफिश हे तिन्ही मासे त्या ग्रंथातले. गुरामी संथ, गवताळ पाण्यातले. कल्ल्यांच्या वर असलेल्या खास अवयवाच्या साहाय्याने ते पृष्ठभागावरची हवाही घेतात. झेब्राफिश जेमतेम चार सेंटिमीटरचा, शेताच्या कडेच्या उथळ पाण्यातही राहणारा. लहान टाकीतले जीवन त्यांच्या मूळ पाण्यापासून फार दूरचे नाही.

झेब्राफिशची कथा तर टाकीतून प्रयोगशाळेत गेली. अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी हा मासा दुकानातून आणून आनुवंशिकीच्या अभ्यासाला घेतला आणि १९८१ मध्ये त्याचे क्लोन तयार केल्याचे जाहीर केले. २००९ मध्ये दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या संस्थेने भारतातील रानटी झेब्राफिशच्या जनुकसंचाचे वाचन पूर्ण केले.

याच्या अगदी उलट कथा डेनिसन बार्बची. रुपेरी अंगावर लाल आणि काळा पट्टा असलेल्या या माशाचे वर्णन फ्रान्सिस डे यांनी १८६५ मध्ये त्रावणकोरच्या डोंगराळ भागातून केले आणि मद्रासचे तत्कालीन गव्हर्नर विल्यम डेनिसन यांचे नाव त्याला दिले. पुढची सव्वाशे वर्षे त्याला कोणी फारसे विचारले नाही. १९९७ मध्ये सिंगापूरच्या शोभेच्या माशांच्या प्रदर्शनात त्याला पारितोषिक मिळाले आणि ‘मिस केरळ’ला जगभरातून मागणी आली. हा मासा वाहत्या, थंड, प्राणवायूने भरलेल्या ओढ्यातला. थव्याने राहणारा आणि दहा सेंटिमीटरच्या पुढे वाढणारा. लहान टाकीत तो शोभतो, पण सुखाने जगत नाही.

त्याची किंमत ओढ्यांनी मोजली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००५ ते २०१२ या काळात भारतातून धोक्यात आलेल्या ३० जातींचे किमान १५ लाख गोड्या पाण्यातील मासे निर्यात झाले. त्यात मोठा वाटा असलेल्या तीन गटांपैकी एक डेनिसन बार्ब आणि त्याच्या भावंडजातीचा होता. दुसरा होता बोटिया स्ट्रिएटा, म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यात, महाराष्ट्र-कर्नाटकाच्या ओढ्यांत राहणारा पट्टेदार मासा. त्याच वर्षी राजीव राघवन, सिबी फिलिप, अन्वर अली आणि पुण्याच्या आयसरमधील नीलेश डहाणूकर यांनी डेनिसन बार्ब आणि त्याच्या भावंडजातीसाठी नवे प्रजातिनाम सुचवले: ‘सह्याद्रिया’. ज्या डोंगराने हा मासा घडवला, त्या डोंगराचे नाव त्याला मिळाले.

नदीचा हा संबंध उलट दिशेनेही जुळतो. टाकीत मावेनासा झालेला, काच चाटणारा दक्षिण अमेरिकन सकरमाउथ कॅटफिश अनेकांनी ‘जीव वाचवला’ म्हणून तळ्यात सोडला. आज तो भारताच्या अनेक नद्या-तलावांत स्थिरावला आहे. मत्स्यटाक्यांसाठी जगभर विकली जाणारी कॅबोंबा ही अमेरिकन वनस्पती केरळच्या कालव्यांत दाट वाढते आणि गुलाबी फुलांमुळे लोक तिच्यासोबत छायाचित्रेही काढतात. व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, सेराटोफिलम या भारतीय पाण्यात मुळातच वाढणाऱ्या वनस्पती उपलब्ध असताना ही जोखीम घ्यावी लागत नाही. तरीही टाकीतली कोणतीही वनस्पती वा मासा ओढ्यात सोडू नये, हे पथ्य त्यांनाही लागू आहे.

दुकानात उभे असताना विचारण्याजोगे प्रश्न तीन आहेत. हा मासा पूर्ण वाढल्यावर केवढा होतो? तो संथ पाण्यातला की वाहत्या? आणि तो पैदास केंद्रातून आला की ओढ्यातून पकडून आणलेला आहे? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे पुस्तकांत मिळतात. तिसऱ्याचे उत्तर दुकानदाराकडे नसेल, तर गुरामीची एक जोडी आणि व्हॅलिस्नेरियाची चार रोपे घेऊन घरी यावे. वॉरिंग्टनच्या टाकीतही दोनच मासे होते.