तळटीप : ‘जी.पी.एस.’ शाळा

*जी.पी.एस. : ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यातल्या नऊ शाळांचा हा क्रीडासंघ, स्थापना १८९२. किंग्ज, सिडनी ग्रामर, न्यूइंग्टन, रिव्हरव्ह्यू, सेंट जोसेफ्स, शोर, स्कॉट्स, आर्मिडेल आणि सिडनी बॉइज हाय हे त्याचे सदस्य. यांपैकी आठ शाळा खाजगी, भरमसाट फीच्या आणि बहुतेक चर्चशी निगडित. सिडनी बॉइज हाय मात्र सरकारी असून तिथे प्रवेशपरीक्षेतल्या गुणांवर जागा मिळते. आर्मिडेल सिडनीहून सुमारे पाचशे किलोमीटरवर असल्याने मोजक्याच स्पर्धांत उतरते.

रग्बी, क्रिकेट, अ‍ॅथलेटिक्स, नेमबाजी असे बरेच खेळ असले तरी मान नौकानयनाला. ‘हेड ऑफ द रिव्हर’ ही शर्यत १८९३पासून होते. आठ वल्हेकरी आणि त्यांना ताल व दिशा देणारा एक किरकोळ अंगाचा सुकाणूधारी, अशी नावेची रचना. हल्ली ही शर्यत पेनरिथजवळच्या कृत्रिम जलमार्गावर होते. सिडनी ऑलिंपिकच्या नौकास्पर्धाही तिथेच झाल्या.

बुद्धिबळ व वादविवाद हेही याच संघाचे उपक्रम. वादविवादाचा विषय ऐन वेळी हाती पडतो. बंद खोलीत तासाभराची तयारी, मग प्रत्येक बाजूचे तीन वक्ते. शुक्रवारी रात्री हा सामना आणि शनिवारी मैदान, असा शिरस्ता. प्रस्तुत प्रकरणात लेखक ‘शनिवारची इभ्रत’ म्हणतो, ती याच संदर्भात. — संपा.