तांब्याची रेघ आणि स्वस्त हात

वाल्वच्या जुन्या रेडिओची पाठ ज्यांनी उघडून पाहिली असेल, त्यांना आतले तारांचे जंजाळ आठवत असेल. त्यातली प्रत्येक तार कुणीतरी कापलेली, सोललेली, वाकवलेली आणि डाख देऊन जोडलेली असे. पुढे हे जंजाळ गेले आणि त्या जागी तांब्याच्या रेघांची पाटी आली. ग्रंथात तिला मुद्रित मंडल म्हणतात, कारखान्यात पीसीबी. मग तारा जोडणारे ते हात कोठे गेले? कामगार चळवळीत आयुष्य काढलेल्या आमच्यासारख्यांना पहिला प्रश्न हाच सुचतो.

या पाटीच्या इतिहासात पॉल आयस्लरचे नाव अग्रभागी आहे. तो १९०७ साली व्हिएन्नात जन्मला आणि तेथेच इंजिनिअर झाला. परंतु ज्यू असल्यामुळे त्याला मनाजोगी नोकरी मिळेना. पोटासाठी त्याने छपाईच्या आणि नियतकालिकाच्या धंद्यात काम केले. १९३६ साली तो इंग्लंडला आला. छापखान्यात एकदा मजकूर जुळवला की हजारो प्रती निघतात. मग तारा का छापू नयेत, असा त्याचा विचार. तांब्याचा पातळ पत्रा विद्युत्‌रोधक फळीवर चिकटवायचा, हव्या त्या रेघा टिकाऊ शाईने झाकायच्या आणि उघडे तांबे रसायनाला खाऊ द्यायचे. उरतात त्या तारा.

आपला रेडिओ त्याने एका मोठ्या कंपनीला दाखवला. तेथे उत्तर मिळाले, की हे काम आमच्याकडे मुली करतात आणि त्या स्वस्त पडतात. ही हकिकत त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. पुढे युद्धात शत्रुदेशीय म्हणून इंग्रजांनी त्याला काही काळ अटकेत ठेवले. सुटल्यावर त्याला संगीताची पुस्तके छापणाऱ्या एका संस्थेचा आश्रय मिळाला आणि १९४३ साली त्याने पेटंटसाठी अर्ज केला. त्याच युद्धात अमेरिकेने तोफगोळ्यांच्या फ्यूजसाठी चिनीमातीच्या चकत्यांवर रुपेरी शाईने मंडले छापली. गोळा सुटतानाचा हिसका सोसेल अशी आणि लाखांच्या हिशेबाने एकसारखी जोडणी हवी होती. तेथे स्वस्त हातांचा हिशेब संपला.

१९४७ साली जॉन सारग्रोव्हने इंग्लंडमध्ये मिनिटाला तीन रेडिओपाट्या काढणारे यंत्र दाखवले. १९४९ साली अमेरिकन लष्कराच्या डँको आणि अब्रामसन या दोघांनी सुट्या भागांचे पाय पाटीच्या भोकांतून घालून सर्व सांधे वितळलेल्या डाखात एकदम जोडण्याची रीत काढली. शंभर सांध्यांचे काम एका बुडवणीत आले.

पण तार जोडणारीचे कौशल्य नाहीसे झाले काय? आमच्या मते ते कागदावर गेले. हे आम्हांला पुस्तकापेक्षा अभ्यासवर्गात कळले. दिवा उघडमीट करणारे एक साधे मंडल आम्ही घेतले : ५५५ नावाची आठ पायांची चिप, दोन-तीन रोधक, एक धारित्र आणि एल.ई.डी. चिपचा दुसरा पाय सहाव्याला आणि चौथा आठव्याला जोडावा लागतो. चिपच्या पोटाखालून दोन्ही रेघा ओढल्या की त्या एकमेकींना छेदतात! तार तारेवरून जाते. रेघ रेघेवरून जात नाही. मग एकीला वळसा द्यायचा, नाहीतर वरून तारेचा तुकडा टाकायचा. आमची पहिली पाटी तर उलटीच निघाली. वरून दिसणारे पाय आम्ही तांब्याच्या बाजूला तसेच उतरवले होते. फेरिक क्लोराइडमधून पाटी बाहेर आल्यावर डोळे उघडले. तारेची चूक कामगार जागेवर सुधारतो. आखणीतली चूक हजार पाट्यांत हजार वेळा छापली जाते. म्हणून निर्णयाची सत्ता बाकावरून आखणीच्या टेबलाकडे गेली.

बाकावर उरले भोकांत भाग भरण्याचे काम. १९७३ साली मुंबईत अंधेरीला इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी सीप्झ उभे राहिले. तेथेही बाकावर मोठ्या संख्येने मुलीच बसल्या. पुढे भाग पाटीच्या पृष्ठावरच चिकटवणारी यंत्रे आली आणि तेही काम आटत गेले.

यातून आम्ही एवढेच शिकलो, की स्वस्त मजुरी यंत्राला काही वर्षे थोपवते, कायमचे नाही. ज्या दिवशी हिशेब फिरतो, त्या दिवशी स्वस्त हातांना कोणी विचारीत नाही. यंत्राला विरोध करण्यात आम्हीही पुष्कळ दिवस घालवले आहेत. आज आमचे म्हणणे असे, की यंत्र दारात येण्यापूर्वी आखणीचे शिक्षण, कामाच्या वेळेत आणि पगारी, हे करारात लिहून घ्यावे. पाटी आखण्याचे साधन आता महाग राहिलेले नाही. १९९२ साली सुरू झालेला कीकॅड हा संगणक-कार्यक्रम कोणालाही फुकट मिळतो. उरला प्रश्न वेळेचा. तो मालकाकडून मिळवणे हे संघटनेचे जुनेच काम आहे.